दाखल्यावरचं वय

३ मार्च

सकाळी वाचनालयाचे चिटणीस आले. हातात पुस्तकांची पिशवी नव्हती, तेव्हाच ओळखलं की काम घेऊन आलेत. महिनाअखेरीस वाचनालय एका बाईचा सत्कार करणार आहे. लहानपणी तिला एका कारखान्याला विकलं होतं. आता ती अशाच कारखान्यांतून मुलं सोडवते, दोनशेच्या वर सोडवली म्हणतात, आणि विकणाऱ्यांना कोर्टात खेचते. तिचं मानपत्र मी लिहावं अशी विनंती.

"आमचं कच्चं तयार आहे, तुम्ही फक्त हात फिरवा," म्हणाले. पहिल्या ओळीत दीपस्तंभ, दुसरीत झंझावात, तिसरीत पुन्हा दीपस्तंभ. म्हटलं, समुद्राचा पत्ता नाही आणि दोन-दोन दीपस्तंभ कशाला?

मग हळूच म्हणाले, "खरं सांगू का बाई, त्यांनीच तुमचं नाव घेतलं. मानपत्र त्याच मुख्याध्यापिकेने लिहायचं आणि सत्कार अठ्ठावीस तारखेलाच ठेवायचा, नाहीतर येणार नाही म्हणाल्या."

खोटं कशाला लिहू, अंगावर मूठभर मांस चढलं. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी कुणीतरी आपल्या भाषेची आठवण ठेवतं. धाकट्या भावाला कधी सांगीन असं झालंय, पण तो कामगारांची गाडी घेऊन बाहेरगावी गेलाय. कारखान्यांना माणसं पुरवायचा त्याचा व्यवसाय. नवरा गेल्यावर मला आधार दिला तो त्यानेच. वरची खोली त्यानेच बांधून दिली, तिथे लेक आणि नात राहतात.

लेक म्हणाली, "आई, हेसुद्धा वहीत लिहिणार?" लिहिणारच. नोकरी लागल्यापासून एक वर्ष चुकवलेलं नाही. सगळ्या वह्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. धाकटा चिडवतो, ताई, तुझ्या पेटीत इतिहास कमी आणि झुरळं जास्त.

६ मार्च

आज ती आली. पस्तिशीची असेल. ठेंगणी, काटक. डाव्या हाताची दोन बोटं मुळापासून नाहीत. दात मात्र एका रांगेत, पांढरेशुभ्र; नंतर कळलं, कवळी आहे. तोंड उघडलं ते "बाई" म्हणूनच, आणि मी "बस" म्हणेपर्यंत खुर्चीला हात लावला नाही. अशी शिस्त आता कुठे पाहायला मिळते!

मी वही उघडली आणि ती पाढे म्हणावेत तसं सांगत गेली. पट्ट्यांची बक्कलं बनवायचा कारखाना. जमिनीखाली एक खोली, चौदा मुली. यंत्र पायाने दाबायचं, पत्रा हाताने सरकवायचा. पाय लवकर पडला की बोट गेलं. हिचं पहिलं बोट पहिल्याच महिन्यात गेलं. रक्ताने पत्रे खराब केले म्हणून मुकादमाने आधी कानाखाली वाजवली, मग चिंधी दिली. दुसरं बोट गेलं तेव्हा ती ओरडली नाही, चिंधी आधीच जवळ ठेवलेली होती.

"आणि दात?"

"माझे पुढचे दोन दात मोठे होते, बाई. ओठांच्या बाहेर यायचे. मुकादम म्हणायचा, ही सारखी हसते. मी हसत नव्हते, तोंडच तसं होतं. एक दिवस त्याने हातोडी उलटी धरली आणि दांड्याने दोन्ही पाडले. म्हणाला, आता हस. एक दात मी गिळला. दुसरा नंतर शोधला, सापडला नाही."

 तिने तिच्यापुढचा पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

मी विचारलं, पहिल्या दिवशी मारलं तेव्हाच आरडाओरडा का केला नाहीस? तर म्हणाली, "मला वाटलं, शिकवतायत. शाळेतही चुकलं की बोटांवर पट्टी बसायची, कडेने धरलेली. म्हणून मी हात पुढेच केला."

कुठल्या शाळेतली मास्तरीण होती कोण जाणे. पट्टी मीही मारली आहे, कडेनेही मारली आहे, पण पट्टी आणि हातोडी यांत फरक आहे. मानपत्रात पट्टीचा उल्लेख नको. विषयांतर होईल.

९ मार्च

पहिलं वाक्य चार वेळा लिहून खोडलं. नात शेजारी बसून गणितं करत होती. वाचनालयाच्या बालसभासदांच्या यादीत तिचं नाव घालायचं होतं. वयापुढे मी नऊ लिहिलं, लेक म्हणाली आठ. म्हटलं, नववं लागलंय ना? मग नऊ. शाळेत आम्ही नेहमी चालू वर्षच धरायचो. लेक म्हणाली, "तुझी शाळा कधी सुटणार, आई?"

११ मार्च

ती पुन्हा आली. आज जे ऐकलं ते मानपत्रात मावणार नाही. इथे लिहून ठेवते.

त्या खोलीत तिच्याहून धाकटी एक मुलगी होती, तिला सगळ्या पिटुकली म्हणायच्या. ती हवेच्या झरोक्यातून सटकली आणि रस्त्यापर्यंत पोचली. कुणीतरी भल्या माणसाने तिला "तुझ्या घरी सोडतो" म्हणून कारखान्यातच आणून सोडलं. मुकादमाने उरलेल्या तेरा जणींना रांगेत उभं केलं, प्रत्येकीच्या हातात एक पट्टा दिला आणि पिटुकलीला मारायला लावलं. जी हळू मारेल, तिला तेवढेच फटके.

"मी जोरात मारलं, बाई. सगळ्यांत जोरात मीच मारलं. मला पुन्हा मार खायचा नव्हता. तिसऱ्या दिवशी ती गेली. अंगावर आमच्याच बक्कलांचे वळ होते. त्यांतला माझा कुठला, ते मला ओळखू येत होतं."

 मग म्हणाली, "सुटल्यावर कोर्टात पहिल्यांदा मी हेच सांगितलं. वकील म्हणाले, हे कशाला सांगतेस, तुझ्यावरच उलटेल. म्हटलं, माझं मी आधी सांगितलं नाही, तर दुसऱ्याचं सांगायला तोंड कुठून आणू?"

उठताना तिने विचारलं, "मानपत्रात माझं वय काय लिहाल? तिथे गेले तेव्हाचं?"

म्हटलं, तूच सांग.

"कागदावर अठरा होतं. शाळेचा दाखला होता. एकदा तपासणीला साहेब आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्या कमरेलाही लागत नव्हते. मग दाखल्याकडे पाहिलं, आणि निघून गेले. कोर्टात आता आम्हाला नेणाऱ्या माणसाचा खटला उभा राहतोय, तिथेही तोच दाखला पुढे येणार. मुलगी सज्ञान होती, स्वखुशीने गेली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, असला दाखला देणाऱ्या मुख्याध्यापकाला भर चौकात फटके मारायला हवेत. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "फटके नकोत, बाई. ते पुष्कळ झाले. त्याने येऊन खरं वय सांगितलं, तरी पुरे."

दाखल्यांत थोडं इकडेतिकडे मीही केलं आहे, नाही असं नाही. पण ते वेगळं. धाकटा शिवणवर्गाला मुली न्यायचा, तिथे अठरा पूर्ण लागायचे, घरी खायची भ्रांत, पोरी चार टाके शिकतील म्हणून मी सही करायची. त्यात कुणाचं वाईट झालेलं ऐकिवात नाही. कुणी परत येऊन तक्रार केली नाही.

१३ मार्च

धाकटा आला. मोठ्या उत्साहाने मानपत्राचं सांगितलं, तर चहाचा कप भिंतीवर फेकला. बशीसकट. माझं मनगट धरून पिरगाळलं आणि म्हणाला, "ताई, त्या बाईला घरात घेऊ नकोस. खोटारडी आहे ती. चांगल्या माणसांना कोर्टात ओढते."

"तुला कुठे ओढलं?" मी हसत विचारलं.

तो हसला नाही. पलंगाखाली वाकून पाहिलं, पेटी अजून इथेच का, विचारलं. धंद्यात काही कटकट असणार. मनगटावर त्याच्या बोटांचे निळे डाग पडलेत. लहानपणापासून तापट, पण मनाने वाईट नाही.

१७ मार्च

तिच्या कचेरीवर भरदुपारी चौघे जण सळया घेऊन घुसले. टेबलं, कपाटं फोडली. तिथे काम करणाऱ्या मुलीचा हात मोडला. हिला जमिनीवर पाडून बुटांनी तुडवलं. खांद्याचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या.

मी चिटणीसांबरोबर इस्पितळात गेले. डोळा सुजून मिटला होता, ओठाला टाके. कवळी फुटली होती, म्हणून पुढचे दात नव्हते. पुढच्या दोन दातांच्या जागी हिरडीला खोल खड्डे, बाकी जबडा वेडावाकडा. मला पाहून तिने हसायचा प्रयत्न केला आणि ओठ वर ओढला तो एका बाजूने, नाक चिमटून.

ते हसू मी पाहिलेलं आहे. पहिल्या बाकावर, खिडकीच्या बाजूला.

चिटणीस औषधं आणायला गेले तेव्हा ती म्हणाली, शब्द फसफसत होते तरी स्पष्ट कळलं, "बाई, दात होते तेव्हा तुम्ही मला खार म्हणायचात."

  मी बाहेर आले आणि चिटणीस येईपर्यंत जिन्यात बसून राहिले.

१८ मार्च

पेटी उघडली. सव्वीस वर्षांपूर्वीची वही. पान जसंच्या तसं उतरवते:

'२८ मार्च. धाकट्याच्या सांगण्यावरून आज आणखी चार दाखले दिले. शिवणवर्गाला अठरा पूर्ण लागतात, तसं लिहिलं. त्यांत खारही आहे. पोरगी नऊ वर्षांची, हुशार, बडबडी. जाताना विचारत होती, बाई, तिथेही तुम्हीच शिकवणार का? हो म्हटलं. शिपायाने आज पुन्हा गार चहा दिला.'

गार चहा दिला. हे मी लिहिलंय. त्याच शाईने.

पुढच्या-मागच्या वह्या चाळल्या. सहा वर्षं, सहा वह्या, सदतीस मुली. सगळ्यांची टोपणनावं मीच ठेवलेली, कारण वर्गात मला तसली गंमत करायची हौस होती. खार, ठसकी, बाहुली, लवंगी, डुलकी. त्यांतलीच एखादी पिटुकली झाली असेल का? धाकटा नेणारा, मी पाठवणारी. एवढी साधी गोष्ट मला सव्वीस वर्षं कळली नाही, की कळून घ्यायची नव्हती?

आज शाळेपासून जपलेली पट्टी मोडून टाकली. उगाच. पट्टीचा काय दोष.

१९ मार्च

कुणाला दाखवायचं नाही म्हणून खरं लिहिते. आज वही जाळायला निघाले होते. मी वह्या दिल्या तर धाकटा आत जाणार, मीही जाणार, लेकीला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. न दिल्या तर खार कोर्टात अठरा वर्षांचीच राहणार. शेगडी पेटवली, पान फाडायला धरलं. पश्चात्ताप झाला म्हणून थांबले असं म्हणायला आवडलं असतं. पण पान शिवणीतलं, ते ओढलं की पुढचं जोडपान सुटून येत होतं, आणि त्यावर लेकीला पहिलं बक्षीस मिळाल्याची नोंद होती. ती जळायला नको म्हणून थांबले. अशी मी आहे.

मग सहाही वह्यांना नातीच्या वह्यांसारखी खाकी कव्हरं घातली, वर 'शुद्धलेखन' अशा चिठ्ठ्या डकवल्या आणि तिच्या दप्तरात ठेवल्या. तिथे कोण बघणार?

२० मार्च

नात म्हणाली, "आजी, दप्तर फार जड झालंय गं." म्हटलं, शिकायचं तर ओझं उचलावं लागतं.

२३ मार्च

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर पहिलीतल्या पोराचं.

परवा धाकटा आला. दाराला आतून कडी लावली. "वह्या काढ. कोर्टाची तारीख लागलीय. तू सगळं लिहितेस हे सगळ्या नात्यागोत्याला माहीत आहे."

पेटी उपसली. जुन्या वह्या फाडून फेकल्या. ती सहा वर्षं सापडेनात. माझा उजवा हात पेटीच्या काठावर धरला आणि झाकण आपटलं. विचारलं, कुठे आहेत? पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा तो झाकणावर उभा राहिला. हाडाचा आवाज आधी आला, दुखलं नंतर. मी किंचाळत होते आणि तो म्हणत होता, "ताई, बोल ना, बोल ना गं," लहानपणी पेरू मागायचा त्याच सुरात.

तेवढ्यात मागच्या दाराने नात आली, शाळेतून. दप्तर पाठीवर. हे पाहून तिने त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. त्याने तिला झटकलं. ती भिंतीवर आपटली, कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत गेलं. त्याने तिला दप्तराच्या पट्ट्याला धरून उचललं.

मी ओरडले, "जाळल्या! परवाच जाळल्या मी!"

त्याने सोडलं तिला. ताई खोटं बोलत नाही, हे त्याला ठाऊक. तोवर बोललेही नव्हते. खोटं मी फक्त लिहिलं होतं.

तीन बोटं मोडली आहेत, तळव्याचं हाड चिरलंय. नातीला पाच टाके. धाकटा पळालाय, पोलीस शोधतायत. लेक माझ्याशी बोलत नाही, आणि बरोबर आहे. वह्या सापडल्यावर एवढंच म्हणाली, "तिच्या पाठीवर ठेवल्यास, आई?"

पुन्हा एका एवढ्याशा पोरीच्या पाठीवर मी माझं पाप बांधून दिलं होतं.

२८ मार्च

सभागृह भरलेलं. खार आली. खांदा बांधलेला, डोळ्याखाली पिवळं-जांभळं, तोंडात नवी कवळी. चिटणीसांनी मला पुढे बोलावलं. मानपत्र मी सांगितलं आणि लेकीने लिहिलं. लिहिताना तिने एकदाही मान वर केली नाही, पण एकही शब्द गाळला नाही. दीपस्तंभ एकही नव्हता. मी वाचलं:

"ही माझी विद्यार्थिनी. हिला खोट्या वयाचा दाखला मी दिला. हिला नेणारा माझा सख्खा भाऊ. हिची बोटं, हिचे दात, हिची दहा वर्षं त्या दाखल्याने गेली. अशा आणखी छत्तीस जणी आहेत. त्यांची नावं माझ्याजवळ आहेत. ती मी पोलिसांना आणि कोर्टाला देणार आहे. हिचा गौरव करण्याची माझी लायकी नाही. हिचं खरं वय मात्र मला माहीत आहे. त्या दिवशी ही नऊ वर्षांची होती."

 मग मागून कुणीतरी शिवी हासडली आणि एक खुर्ची हवेत आली. ती चिटणीसांच्या कपाळाला लागली. धाकट्याचीच माणसं असणार. लोकांनी त्यांना धरलं, बुकललं, ओढत बाहेर नेलं. कुणीतरी माझ्याही तोंडावर थुंकलं. तो धाकट्याचा माणूस नव्हता. एक म्हातारा होता. त्याचीही मुलगी माझ्या शाळेत होती, म्हणाला. वह्यांत पाहिलं, आहे.

खार व्यासपीठावरून हलली नव्हती. सगळं निवल्यावर माझ्याजवळ आली. मी हात जोडायला गेले, पण प्लास्टरमुळे जुळेनात.

"माफी मी देणार नाही, बाई," ती म्हणाली. "माझ्याजवळ ती नाहीच. साक्ष द्याल?"

"देईन."

तिने मानपत्र माझ्या हातातून घेतलं, शेवटपर्यंत वाचलं आणि लेकीकडे पेन मागितलं.

"हे चुकलंय. माझा वाढदिवस एप्रिलमध्ये. नववं मला तिथे पूर्ण झालं, यंत्रावर. तुम्ही सही केलीत तेव्हा मी आठ वर्षांची होते."

२९ मार्च

सकाळी सहा वह्या ठाण्यात दिल्या. ही सातवी उद्या देणार. यापुढे ही माझी खासगी राहणार नाही, म्हणून अक्षर जमेल तितकं नीट काढते आहे.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या २८ मार्चच्या नोंदीत दुरुस्ती: मुलीचं वय नऊ नव्हे, आठ. चालू वर्ष धरू नये. सही, डाव्या हाताची.